तात्यांची शुगर रात्री उतरते, सकाळी चढलेली दिसते

पत्र आलंय पुण्यात नोकरी करणाऱ्या एका लेकीचं, आईवडील कराडजवळच्या गावात. पत्र मोठं आहे, मी थोडक्यात देते.

"ताई, माझे वडील, आम्ही तात्या म्हणतो, वय ६८, डायबेटीस सतरा वर्षं. सकाळी २४ आणि संध्याकाळी २० युनिट ३०/७० इन्सुलिन, शिवाय ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन-व्होग्लिबोजची एकत्र गोळी दोन वेळा आणि बीपीची मेटोप्रोलॉल. बाटली गावातल्या मेडिकलमधून घेतात, सिरिंज मी पुण्याहून पाठवते. दोनेक महिने झाले, रात्री अडीच-तीनला घामाने बनियन भिजतं, काहीतरी बडबडतात, एकदा आईला ओळखलंच नाही. आजी म्हणते वात झालाय, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. आईला मात्र वाटतं शुगर उतरली, म्हणून ती दोन कंदी पेढे भरवते आणि अर्ध्यापाऊण तासाने ते शांत होतात. पण सकाळी उपाशीपोटी शुगर २१०, २३० येते! मेडिकलवाला म्हणाला रात्रीचं दोन युनिट वाढवा. आईने डॉक्टरांना रात्रीचं सांगितलंच नाही, पेढे दिले म्हणून ओरडतील अशी भीती. मागच्या वर्षी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.८ आलं होतं. लाईट रात्रीची असली की तात्या अजून मळ्यात दारं धरायला जातात, एकादशीही सोडत नाहीत. मी काय करू? नोकरी सोडून गावी जाऊन राहू का?"

अगं, आधी एक सांगते मग बाकीचं, दोन युनिट वाढवू नका. आज संध्याकाळचं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर, तूच कर, आईवर सोडू नकोस, आणि पहिलं वाक्य हेच बोल की "रात्री घाम येतो, बडबडतात, ओळखत नाहीत, गोड दिल्यावर बरे होतात." सकाळच्या २१० पासून सुरुवात केलीस तर समोरचा माणूस वाढवण्याचाच विचार करणार, त्याची तरी काय चूक, त्याला रात्र दिसतच नाहीये ना. आईला सांग, या गोष्टीसाठी कुठलाही शहाणा डॉक्टर ओरडत नाही, आणि ओरडलाच तर ऐकून घ्यायचं पण सांगायचं.

आता रात्री नेमकं काय होतंय ते बघू. ३०/७० म्हणजे ३० टक्के लवकर काम करणारं इन्सुलिन आणि ७० टक्के सावकाश काम करणारं, ते दुधाळ दिसतं ना ते या दुसऱ्यामुळे. या सावकाश भागाचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांत असतो. संध्याकाळी साडेसातला टोचलं तर हिशोब कर, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. म्हणजे पोटातलं जेवण संपलेलं, माणूस झोपलेला आणि इन्सुलिन ऐन भरात! त्यात ग्लिमेपिराइड वेगळंच स्वादुपिंडाला ढकलत असतं की अजून इन्सुलिन सोड. आणि त्यात तात्या रात्री हलकं म्हणून अर्धी भाकरी आणि आमटी खात असतील तर (आपल्याकडे साठीनंतर सगळेच असं जेवतात) मग शुगर खाली जाण्यात नवल काहीच नाही.

आणि क्रिएटिनिनचं तू पत्रात शेवटी शेवटी लिहिलंयस, मी ते सगळ्यात वर ठेवलं असतं. ६८ वर्षांच्या पुरुषाचं १.८ म्हणजे ई-जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) चाळीसच्या आसपास, किडनी निम्म्याहून कमी काम करतेय. इन्सुलिन शरीरातून काढून टाकायचं बरंचसं काम किडनीच करते, ग्लिमेपिराइडचंही तसंच, त्यामुळे किडनी मंदावली की पाच वर्षांपूर्वी बरोबर बसलेला तोच डोस आज जास्त होतो, कोणी काही न बदलता. खूप घरांत मी हे बघितलंय, "अहो आम्ही काहीच वेगळं केलं नाही तरी शुगर उतरायला लागली", तर वेगळं आतमध्ये झालेलं असतं. क्रिएटिनिन या आठवड्यात परत करून घ्या. मेटफॉर्मिन किती द्यायची हेसुद्धा त्यावरच ठरतं, ई-जीएफआर ४५ च्या खाली गेलं की डॉक्टर ती कमी करायचा विचार करतात, ३० च्या खाली बंदच.

मग सकाळी २३० कसं? याला तीन कारणं असू शकतात आणि तीनही एकदम असू शकतात. एक तर सरळ पेढे, रात्री तीनला खाल्लेल्या दोन पेढ्यांची साखर सकाळी सहाला दिसणारच. दुसरं, पहाटे तीन-चारनंतर शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन वगैरे वाढतात, लिव्हर साखर सोडतं, आणि तेव्हाच रात्रीच्या इन्सुलिनचा जोर ओसरत असतो. हे सगळ्यात जास्त लोकांत होतं. तिसरं कारण डॉक्टर लोक सोमोगी म्हणतात, मायकेल सोमोगी नावाच्या बायोकेमिस्टने १९३० च्या दशकात मांडलं होतं की शुगर खाली गेली की शरीर घाबरून उसळी मारतं आणि सकाळी चढलेली दिसते. पुढे अंगावर सेन्सर लावून रात्रभर शुगर मोजायला लागल्यावर दिसलं की हे वाटलं होतं तितकं कॉमन नाही, रात्री खाली गेलेली शुगर बहुतेकांची सकाळीही खालीच असते. पण तुमच्याकडे पेढे आहेत, त्यामुळे उसळी कुठली आणि पेढ्याची कुठली हे सांगता येणार नाही. म्हणून सकाळच्या एकट्या आकड्यावर रात्रीचा डोस ठरवणं म्हणजे सकाळचं रिकामं स्टँड बघून रात्री किती एसट्या लागल्या ते सांगण्यासारखं आहे.

त्यामुळे रात्री मोजायचं. आईला ग्लुकोमीटर जमतो असं धरते. तीन-चार रात्री, रोज नाही, झोपताना एक, गजर लावून तीनला एक आणि सकाळी उठल्यावर एक, वहीत लिहायचं, शेजारी संध्याकाळी किती वाजता टोचलं, किती जेवले, दिवसा मळ्यात काम किती झालं. बोट आधी धुऊन पुसायचं, पेढा भरवलेल्या हाताने तपासलं तर मीटर पेढा मोजतं, हसू नकोस, होतं असं. आणि घाम दिसला की गजराची वाट बघायची नाही, लगेच. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर लो, मेंदूला साखर कमी पडायला लागलेली असते आणि बडबड, न ओळखणं तिथूनच येतं. वात नाही आणि दृष्टही नाही. मीटर सापडत नसेल, स्ट्रिप संपल्या असतील, तर आधी गोड द्यायचं, खात्री नंतर करू.

गोड काय द्यायचं, इथे आईची एक चूक होतेय आणि बिचारीला कोणी सांगितलेलंच नाही. सातारचा पेढा म्हणजे मुळात खवा, त्यात दुधाचं फॅट, आणि फॅट असलं की पोट सावकाश रिकामं होतं, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. तू लिहिलंयस ना अर्ध्यापाऊण तासाने शांत होतात, ते त्यामुळेच. बर्फी, चॉकलेट, लाडू सगळ्यांचं तेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तात्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. हे औषध आतड्यात साध्या साखरेचं तुटणं लांबवतं, तेच त्याचं काम आहे, त्यामुळे व्होग्लिबोज घेणाऱ्या माणसाला साखरपाणी, गूळ, सरबत दिलं तरी लवकर गुण येत नाही. त्याला थेट ग्लुकोजच पाहिजे. मेडिकलमध्ये साधी, बिनचवीची ग्लुकोज पावडर मिळते, ती आण. फ्लेवरवाल्यात साखर मिसळलेली असू शकते म्हणून पाकीट वाचून घे. तीन भरलेले चहाचे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या भांड्यात पाणी घालून द्यायचं, बसवून, घोट घोट. १५ मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच. वर आली की मग खायला काहीतरी, अर्धी भाकरी किंवा कपभर दूध आणि दोन बिस्किटं, कारण सकाळचा नाश्ता लांब आहे आणि इन्सुलिन अजून संपलेलं नाही. ती १५ मिनिटं थांबणं सगळ्यात अवघड जातं, माणूस घामाने निथळत असतो आणि समोर बसून नुसतं बघायचं, हात आपोआप डब्याकडे जातो. तिथेच पाच पेढे जातात आणि सकाळी २३० होते. पावडरचा डबा, चमचा, भांडं, मीटर सगळं उशाशी एका पिशवीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. (हा मुद्दा व्होग्लिबोज किंवा त्याच जातीचं अकार्बोज घेणाऱ्यांचा, बाकीच्यांना साखरपाणी चालतं.)

आता वाईट रात्रीचं. हाक मारून उठत नाहीत, गिळता येत नाही, झटके येतायत, तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, पाणी नाही, ग्लुकोज नाही, मध नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. "डायबेटीस आहे, इन्सुलिन घेतात, शुगर लो झालीय, बेशुद्ध आहेत" एवढं सांगायचं. शेजारच्या ज्या घरी गाडी आहे त्यांना आधीच सांगून ठेवा, आडवाटेच्या गावात अँब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेणं कधी कधी लवकर होतं, शिरेतून डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) तिथे देता येतं. ग्लुकॅगॉनचं (शुगर वर आणणारं) इंजेक्शन असतं अशा वेळेसाठी, घरच्यांना देता येतं, पण दुकानात सहज ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं, डॉक्टरांना विचारून बघ. आणि डेक्स्ट्रोज लावल्यावर तात्या टुणकन उठून बसतील आणि म्हणतील चला घरी, मला काय झालंय. आणायचं नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने आलेलं लो परत परत येतं, किडनी मंद असेल तर एक दिवस, दोन दिवससुद्धा. डॉक्टर ठेवून घेतो म्हणाले तर राहू द्या.

अजून एक, घाम आला पण शुगर १५० निघाली तर "चला लो नाही" म्हणून झोपू नका. सतरा वर्षं डायबेटीस असलेल्या माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, नुसता घाम आणि घुसमट. तेव्हाही दवाखाना.

तात्यांना स्वतःला का कळत नाही, उठून सांगत का नाहीत, असं आईला वाटत असेल. झोपेत शरीराची धोक्याची घंटाच मंद वाजते, ॲड्रेनलिन कमी सुटतं. त्यात मेटोप्रोलॉल धडधड आणि थरथर दाबून टाकतं, घाम तेवढा राहतो, म्हणून आईने घामाकडे बघितलं ते अगदी बरोबर केलं. आणि वरचेवर लो झालं की शरीराला त्याची सवय होते, मग घंटा वाजतच नाही, दिवसासुद्धा. यातली बरी गोष्ट अशी की काही आठवडे एकही लो होऊ दिलं नाही तर ती जाणीव बऱ्याच जणांची परत येते. मेटोप्रोलॉल मात्र आपल्या मनाने बंद करू नका हं, अचानक बंद केलेलं हृदयाला धोक्याचं असतं.

तू जाशील तेव्हा एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ, बाटली आणि सिरिंज. बाटली एकीकडची, सिरिंज दुसरीकडची, मला हे वाचूनच धस्स झालं. आपल्याकडे बाटलीत मिळतं ते इन्सुलिन बहुतेक एका मिलीत ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची, त्यावर यू-४० लिहिलेलं. १०० युनिटवाल्याची सिरिंज केशरी टोपणाची, यू-१००. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल तर डोस निम्म्याहून कमी जातो. उलटं झालं, इन्सुलिन १०० चं आणि सिरिंज ४० ची, तर २० च्या रेघेपर्यंत ओढल्यावर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. पन्नास! आणि इन्सुलिन पेनचं काडतूस संपत आलंय म्हणून त्यातलं सिरिंजने ओढून घेणारे लोक आहेत, ते कधीच करायचं नाही कारण त्यात १०० वालं असतं. दोन महिन्यांपूर्वी यातलं काही बदललं का ते आठवा दोघी.

बाटली टोचायच्या आधी तळहातांमध्ये दहा-बारा वेळा फिरवतात का तेही बघ, खळखळून हलवायची नाही, फिरवायची. दुधाळ भाग खाली बसतो, न फिरवता ओढलं तर एक दिवस पातळ एक दिवस दाट, मग आकडे वेड्यासारखे वरखाली होतात. आणि पोटावर हात फिरवून बघ, रोज एकाच जागी टोचून टोचून गाठी होतात, तिथे दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचतात, पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. मग डोस वाढवत नेलेला असतो आणि एके दिवशी चांगल्या जागी टोचलं की तोच डोस अंगावर येतो. गाठी असतील तर जागा बदलायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस कमी करावा लागेल.

डॉक्टर काय करतील हे मी सांगू शकत नाही पण साधारण काय करतात ते सांगते, म्हणजे तुला विचारता येईल. रात्रीचा डोस दहा-वीस टक्क्यांनी कमी करतात, म्हणजे २० चे १८ किंवा १६. संध्याकाळच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड बऱ्याचदा काढूनच टाकतात. किंवा ३०/७० ऐवजी ग्लार्जिन, डेग्लुडेकसारखं सपाट चालणारं इन्सुलिन देतात, त्यात रात्रीचे लो कमी होतात, खर्च जास्त आहे, तो तुम्हाला बघावा लागेल. आणि तात्यांचं टार्गेट काय धरायचं तेही विचार. ६८ वय, किडनी, रात्रीचे लो, अशा माणसाचं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८ च्या आत असलं तरी चालतं, ६.५ च्या मागे लागायचं कारण नाही, झोपताना शुगर १०० ते १८० मध्ये असली तर उत्तम. आपल्याकडे १८० दिसलं की घर हलतं आणि ६५ दिसलं की "वा, कंट्रोल आहे" म्हणतात. मला याचा फार राग येतो. २३० ची एक सकाळ तात्यांचं लगेच काही बिघडवत नाही, ४० ची एक रात्र बिघडवू शकते.

डोस बदलेपर्यंत झोपताना मोजून १०० च्या खाली असली तर थोडं खाऊन झोपू दे. पण रोज रात्री खाऊन डोस भागवायचा ही कायमची पद्धत करू नका, डोस जास्त आहे तर डोस कमी व्हायला हवा. आणि टोचायचं ताट वाढायच्या अर्धा तास आधी, टोचून मग कीर्तनाला गेले आणि साडेनऊला जेवले असं नको.

मळ्याचं मला जास्त टेन्शन आहे. संध्याकाळी किंवा रात्री अंगमेहनत झाली की शुगर लगेच नाही तर पुढचे कितीतरी तास उतरत राहते, मसल्स रिकामी झालेली साखर भरून घेत असतात. आणि अंधारात विहिरीच्या कडेला, मोटर चालू, एकटा माणूस, तिथे लो झालं तर कुणाला कळणार? डोस नीट बसेपर्यंत रात्रीचं दारं धरणं बंद, भावकीतल्या कुणाला तरी सांगा, पैसे देऊन माणूस लावा. ऐकणार नाहीत मला माहितीये. मग निदान खिशात ग्लुकोजची पुडी, सोबत कुणीतरी, आणि जायच्या आधी मोजून.

एकादशीला दुपारी साबुदाण्याची खिचडी हाणून शुगर चढते आणि रात्री दूध-केळ्यावर झोपून उतरते, डोस मात्र रोजचाच. उपवास सोडा म्हणून काही होणार नाही, त्यापेक्षा डॉक्टरांकडून एकादशीचा वेगळा डोस लिहून घ्या, कागदावर, आणि तो कागद कॅलेंडरला टाचून ठेवा. ते करतात असं, विचारावं लागतं.

आणि नोकरी. सोडू नकोस, निदान यासाठी तरी. तू गेलीस तरी तीनला उठून तू तेच करणार जे आई करतेय. त्यापेक्षा तो पैसा दंडावरच्या सेन्सरला लाव, चौदा दिवस चालतो, काही हजार रुपये लागतात, रात्रभराचा ग्राफ दिसतो, काही मॉडेलमध्ये शुगर उतरली की फोन वाजतो आणि घरच्यांच्या फोनवरही दिसतं. नेहमी लावायची गरज नाही, एकदा लावून डॉक्टरांना ग्राफ दाखवला तरी अर्धं काम होतं. त्या दंडावर झोपलं की खोटं लो दाखवतो आणि खरी शुगर पाच-दहा मिनिटं मागून दाखवतो, म्हणून अलार्म वाजला की बोटावर एकदा मोजायचं, पण घाम दिसत असेल तर थांबायचं नाही, आधी ग्लुकोज. गावात रेंज कशी आहे ते आधी बघ, नाहीतर घेऊन बसशील.

तीन रात्रींचे आकडे आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून पाठव. सिरिंजच्या टोपणाचा रंग मात्र आजच आईला फोनवर विचार, तेवढ्यासाठी गावी जाईपर्यंत थांबू नकोस.